डाव्या कानाची भाषा

मोबाइल मुलीचा जुना. नोकरीसाठी पुण्याला जाताना
ठेवून गेली, काच तडकलेली,
आत एकेचाळीस गाणी, सगळी कोरियन,
आणि पुसायची कशी ते मला येत नाही.
वायरही तिचीच. उजवं बोंडूक मेलेलं.
म्हणून उजव्या कानात पॅकहाऊस,
ब्लोअर, क्रेटांची घसरण, बोरस्ते सुपरवायझरचं चला हात चालवा,
आणि डाव्या कानात सोल.

मखमलाबादहून पावणेसातचा टेम्पो.
जाळीची टोपी, कात्री, टेबल नंबर नऊ.
घड देठाने उलटा धरायचा,
सोळाच्या कडीतून जो मणी खाली पडेल
तो कापायचा.
गाणंही मी तसंच धरलं सुरुवातीला.
अख्खा घड हाताला लागेना,
एखादाच मणी निसटून यायचा.
ने.
मला वाटायचं ती त्याला सांगतेय, घेऊन जा एकदाचं.
ने म्हणजे हो, हे कळायला दिवाळी आली.

दीक्षा गांगुर्डे, टेबल नंबर दहा, वय एकोणीस,
जेवणाच्या सुट्टीत अर्थ सांगते
डब्याच्या झाकणावर बोटाने लिहून.
सोन म्हणजे हात, म्हणाली.
मी हात बघितले. अंगठ्याला कात्रीचा घट्टा, नखांत हिरवं.
म्हटलं, दीक्षे, घडणावळ फार गेली असेल.
आणि माल म्हणजे बोलणं.
तेव्हापासून दारात ट्रॅक्टर लागला,
माल आला, माल आला अशी आरोळी उठली,
की मी एकटीच बघते
क्रेटमागून क्रेट उतरणारं बोलणं,
निम्मं निर्यातीचं,
उरलेलं लोकल मार्केटला.

कागो शिपो मात्र दोन महिने चुकलं.
मला वाटे गाण्यात कुणी शिंपी आहे,
ती पोरगी रोज त्याच्या दारात, का गो, झालं का शिवून?
दीक्षाच्या नाकात ताक गेलं हसून.
मग डोळे पुसत म्हणाली,
काकू, जायचंय. जावंसं वाटतंय, असं.
कुठं?
ते गाण्यात नाहीये.

मुलीला एकदा फोनवर विचारलं, बाप मोगस्सो?
जेवलीस का. भाताला बाप म्हणतात ते लोक.
ती गप्प. मग म्हणाली,
आई, मी आता ती गाणी ऐकत नाही गं.

बोरस्ते म्हणतात, याचा उपयोग काय?
आपले खोके रॉटरडॅमला जातात.
खरंय. उपयोग नाही.
पण त्यांचंही क्रियापद शेवटी येतं, आपल्यासारखं.
नदी, पूल, संध्याकाळ, तू, तुझी छत्री,
सगळं सांगून होतं,
तरी गेली की थांबली
ते शेवटच्या घासाला कळतं.
एवढा वेळ कुणाचं ऐकत बसायची
मला सवय आहे.

हंगामात आमच्याकडे एक शब्द तोंडातून काढत नाहीत.
आभाळ भरलं तरी म्हणायचं, वातावरण आहे.
फेब्रुवारीतल्या त्या गुरुवारी
रामशेजकडून काळं चढत आलं.
बागेत अजून अकरा एकर लटकलेलं.
बायकांच्या कात्र्या तेवढ्या वाजत होत्या.
मी दीक्षाकडे वाकून म्हटलं, बी.
त्याला तिकडे बी म्हणतात.
बोरस्त्यांनी ऐकलं.
टेबलावरचा एक मणी उचलून दाताखाली फोडला,
चावला, बघितलं माझ्याकडे.
थॉमसनला कुठली आली बी, मावशी?

दीक्षाने जाळीच्या टोपीत तोंड लपवलं.

पत्र्यावर एकदाच टप्प झालं.
मग काही नाही, बराच वेळ.
मी डाव्या कानातली वायर काढली.
क्रियापद यायचं होतं.